जपून ठेवलेली राइट आउट

काउंटरवरच्या माणसानं माझ्या सर्टिफिकिटावर नखानं टकटक केलं. कागदावर नख वाजत नाही, प्लास्टिकवर वाजतं. त्या आवाजातच त्याचा निर्णय होऊन गेला होता, बाकीचं त्यानं नुसतं सौजन्य म्हणून सांगितलं. "लॅमिनेटेड नहीं चलेगा, मॅडम. पीछे स्टॅम्प लगता है. प्लास्टिक पे स्टॅम्प कैसे बैठेगा?" माझी बी.कॉम.ची पदवी त्यानं उलटून पाहिली, मागे अठरा वर्षांपूर्वीचे निळे-जांभळे शिक्के दाटीवाटीनं बसलेले पाहून मान हलवली आणि ती बाजूला ठेवली. लग्नाचा दाखला उलटून पाहिला, त्याच्याही मागे शिक्के होते, त्याचंही समाधान झालं. मग तो पुन्हा त्या तीन कागदांकडे वळला. आंतरविद्यापीठ महिला फुटबॉल, तीन वर्षं, तीन सर्टिफिकिटं. ती त्यानं पत्ते पिसावेत तशी एकावर एक सरकवली आणि ती गुळगुळीत असल्यामुळे सरकून काउंटरच्या पलीकडे पडली. त्यानं वाकून उचलून दिली, सॉरीही म्हणाला. मी त्याला विचारलं, की हे काढता येत नाही का. तो म्हणाला, कोशिश करके देखो, नाहीतर विद्यापीठाकडून डुप्लिकेट मागवा, इन्शाल्ला आठवड्यात येईल. आठवड्यात. आमच्या विद्यापीठातून आठवड्यात येणारी गोष्ट मी अजून पाहिलेली नाही.

शारजात रोल्ला भागातल्या त्या ऑफिसात मी सकाळी साडेनऊला पहिली पोचले होते. इथे कागद द्यायचे, ते कुरियरनं भारतात जातात, तिथे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरतात, प्रत्येक ठिकाणी पाठीवर एक शिक्का खातात, आणि परत आले की मग या देशात ते खरे ठरतात. तोवर माणूस खरा नसतो. मला इथल्या एका शाळेनं कागद द्यायला पंधरा तारीख दिली होती. मुलींच्या फुटबॉलची असिस्टंट कोच. बेचाळिसाव्या वर्षी मला कुणीतरी कोच म्हणणार होतं आणि त्यासाठी पगार देणार होतं, आणि ही जागा मला ओळखीनं नव्हे, त्यांच्या मैदानावर दोन तास उन्हात मुलींना पळवून मिळाली होती. तिथल्या क्रीडाप्रमुख मरियमबी हैदराबादच्या आहेत, मोठ्या तोंडाच्या आणि मोठ्या मनाच्या. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, "मेरे को तो पाँव दिखते जी, फाइल को नहीं दिखते ना. फाइल के वास्ते पेपर लाओ." पेपर होते. तेच तर हसत हसत सांगितलं होतं मी त्यांना, की पेपर आहेत, अगदी जपून ठेवलेले आहेत. काउंटरवरच्या माणसानं आणखी एक गोष्ट दाखवली होती, तीही मला घशाखाली उतरत नव्हती. सर्टिफिकिटांवर प्रज्ञा दत्तात्रय सुतार असं नाव आहे आणि पासपोर्टवर प्रज्ञा सुजीत राजाध्यक्ष. तेव्हा ती पळणारी मुलगी मीच, हे सिद्ध करायला लग्नाचा दाखला सोबत जोडावा लागेल. म्हणजे मी जी होते ती होते याचा पुरावा काय, तर माझं नंतर लग्न झालं. हा कुठला न्याय, असं मला त्याला विचारायचं होतं. पण मागे रांग होती, आणि रांगेतले सगळे पुरुष आपापल्या डिगऱ्या छातीशी धरून होते, मऊ, साध्या, प्लास्टिक नसलेल्या कागदाच्या डिगऱ्या. एकाचीही लॅमिनेट केलेली नव्हती. मी नीट पाहिलं.

बाहेर आले तर ऊन भिंतींवरून उलटं अंगावर येत होतं. फूटपाथवर एसीचं पाणी ठिबकून ओले डाग पडलेले, त्यांतून चुकवत चालताना माझे पाय आपोआप आखूड आखूड पडत होते, आतल्या बाजूनं, जसे कडेच्या रेषेवर पडायचे. एवढ्या वर्षांत शरीर हे विसरलेलं नाही. मी राइट आउट होते. मैदानाच्या उजव्या कडेला, पांढऱ्या फक्कीच्या रेषेला चिकटून. तिथे बराच वेळ काही घडत नाही. सगळा खेळ मध्ये चालतो, धक्काबुक्की, आरडाओरडा मध्ये, आणि राइट आउट एकटी कडेला उभी असते, लोकांना वाटतं हिचं काय काम. मग एकदा चेंडू उचलला जातो, लांब, चाळीस यार्ड, आणि तो आपल्यासाठी असतो. दगडूमामांनी मला ते शिकवलं. ते कॉलेजचे ग्राउंडमन होते, कोच वगैरे नव्हते, पण जवानीत पेठेच्या संघातून खेळलेले, आणि मुलींच्या संघाला कोच द्यायला कॉलेजकडे माणूस नव्हता, म्हणून फक्की मारायच्या डब्यासकट मुलीही त्यांच्याकडे दिल्या गेल्या. अकरा जणींत सहा कबड्डीच्या, तीन खो-खोच्या, एक नुसती मैत्रिणीबरोबर आलेली आणि मी, दोनशे मीटर पळणारी. विद्यापीठात मुलींचा दुसरा संघच नव्हता, तेव्हा विद्यापीठातर्फेही आम्हीच. मामा मध्यावरून चेंडू मारायचे आणि ओरडायचे, "मागं बघू नगंस. बॉल येतोय म्हंजे येतोयच. तू पळ." मी बघायचेच. बघितलं की पाय अर्धा क्षण थांबतो, आणि तेवढ्यात समोरच्या संघाची बॅक तुमच्या अंगावर. महिनाभर मी बघत राहिले आणि चेंडू हुकत राहिला. मग एका संध्याकाळी नुसती पळाले, आणि डाव्या कानाच्या वर हवा फाटल्यासारखा आवाज आला, आमचे चेंडू शिवण उसवलेले असायचे, त्यांचा फडफड आवाज यायचा, आणि मी पाय पुढे टाकला तर चेंडू पायावर होता.  मामांनी दुसरा चेंडू मारला.

त्यानंतर तीन वर्षं मी मागे पाहिलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, अक्षरशः सांगतेय. दुसऱ्या वर्षी आम्ही झोनमध्ये दुसऱ्या आलो, तिसऱ्या वर्षी मी एका मोसमात अकरा गोल केले आणि विद्यापीठाची सर्वोत्तम खेळाडू झाले. जबलपूरला उपांत्यपूर्व सामन्यात बूट फाटला तर मामांनी सुतळीनं पायाला बांधून दिला आणि मी तसाच गोल मारला. आमच्या जर्सी मुलांच्या जुन्या होत्या, माझ्या पाठीवर नऊ आकडा होता आणि त्याच्या वर दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाची पुसट अक्षरं. मी ती कधी कुणाची म्हणून चौकशी केली नाही, आता मात्र वाटतं करायला हवी होती. आणि मग कॉलेज संपलं. कुणी मला खेळू नको म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते, मला भांडता येतं. तसं कुणीच काही म्हटलं नाही. बाबांनी पेढे वाटले. मामांनी नवा हंगाम सुरू झाल्यावर माझ्या जागी पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी केली. मुलांना पुढे पेठांचे संघ होते, बँका होत्या, पोलीस होते, रेल्वे होती. आम्हांला काय होतं, तर सर्टिफिकीट. आमच्या वेळी आमच्या गावात कॉलेज संपलं की मुलीचा फुटबॉल संपायचा, तो कुणाला संपवावा लागत नसे. या गोष्टीचा राग मला तेव्हा यायला हवा होता. तेव्हा मी बी.कॉम.चा निकाल घेऊन नोकरी शोधत होते आणि रागाला वेळ नव्हता. आता तो वीस वर्षं उशिरा रोल्लाच्या सिग्नलला माझ्यापाशी येऊन उभा राहिला होता.

सुजीतला फोन केला. तो दुबईत ऑफिसात होता, मीटिंगच्या मधे. "अगं, मग डुप्लिकेट मागव ना. सिंपल. मेल टाक त्यांना," तो म्हणाला. मी म्हटलं, बावीस वर्षांपूर्वीचं रेकॉर्ड आहे. "अगं, आता सगळं डिजिटल असतं. टेन्शन नको घेऊ. यल्ला, नंतर बोलतो." सुजीत चांगला माणूस आहे. हे मी वारंवार सांगते, इतकं की शुभ्रा, आमची चौदा वर्षांची मुलगी, एकदा मला म्हणाली होती, "मॉम, हू आर यू टेलिंग?" मंडळाच्या गणपतीत तो माझी ओळख करून देतो, की ही कॉलेजात फुटबॉल खेळायची हं, आणि सगळे कौतुकानं हसतात, मीही हसते. ते हसू कसलं असतं हे मी इतकी वर्षं नीट पाहिलंच नव्हतं. कुणी लहानपणी नाटकात झाड झालं होतं असं सांगितल्यावर हसतात ना, ते. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका बाईनं उचलला, माझं सगळं ऐकून घेतलं, मला फोन धरून ठेवायला सांगितलं आणि खरोखर जाऊन शोधून आली, तेवढा तिचा मोठेपणा. "ताई, पुरुषांच्या फाइली आहेत त्या सालच्या. महिला फुटबॉलची काही सापडत नाही. जुन्या इमारतीतून हलवताना गेली असणार." मग म्हणाली, "स्पर्धा झाली होती ना नक्की?" मी फोन ठेवला नाही. मी तिला सांगितलं, की झाली होती, जबलपूरला, जानेवारीत, थंडीनं गवतावर दव असायचं आणि तिसऱ्या सामन्यात आमची गोलकीपर सुवर्णा हिचं मनगट मोडलं. ती म्हणाली, "असेल हो." असेल हो. तिचा काय दोष. ती त्या वर्षी शाळेत असेल.

संध्याकाळी शुभ्रा शाळेतून आली तेव्हा मी डायनिंग टेबलवर टॉवेल पसरून बसले होते, हेअर ड्रायर, ब्लेड आणि तीन सर्टिफिकिटं घेऊन. इंटरनेटवर एका माणसानं लॅमिनेशन असं अलगद सोलून दाखवलं होतं, की वाटावं केळं सोलतोय. शुभ्रा म्हणाली, "मॉम, डोन्ट. यू विल रुइन इट." मी म्हटलं, सगळ्यांत साधं आधी घेते, पहिल्या वर्षीचं, नुसतं सहभागाचं. ते बिघडलं तरी दोन राहतात. ड्रायर लावला, कोपरा तापवला, ब्लेडचं टोक आत घातलं. प्लास्टिक उचललं गेलं. इंचभर अगदी छान आलं, शुभ्रासुद्धा खुर्चीवर गुडघे टेकून वाकून बघायला लागली. मग कागदाचा वरचा पापुद्राच प्लास्टिकला चिकटून वर आला. मी थांबायला हवं होतं. पण एकदा हात सुरू झाला की मला थांबता येत नाही, तसं मला कुणी शिकवलेलंच नाही. विद्यापीठाचं चिन्ह गेलं, माझं नाव गेलं, आणि खाली व्यवस्थापक या रकान्यात दगडूमामांची सही होती ती गेली. त्या वर्षी संघाबरोबर जायला कुणी प्राध्यापक तयार नव्हता म्हणून मामांनाच व्यवस्थापक दाखवलं होतं, आणि सही करायला मिळाली म्हणून त्यांनी ती मोठी, सुटी सुटी अक्षरं काढून केली होती, दगडू असं पूर्ण. मामा जाऊन नऊ वर्षं झाली. ती सही आता प्लास्टिकच्या आतल्या बाजूला उलटी दिसत होती आणि टेबलावर नुसता खरबरीत पांढरा कागद उरला होता. शुभ्रानं ड्रायरचं बटण बंद केलं. "हू लॅमिनेटेड दीज एनीवे?" तिनं विचारलं. "तुझ्या बाबांनी," मी म्हटलं, आणि सवयीनं पुढे म्हणाले, "मला प्रेझेंट म्हणून."

आणि ते खरंच होतं. आमच्या लग्नाचा पहिला वाढदिवस. मी व्हिजिट व्हिसावर शारजात येऊन तीन आठवडे झाले होते, इथेच रोल्लामागे एका फ्लॅटच्या एका खोलीत आम्ही राहायचो, स्वयंपाकघर दोन कुटुंबांत मिळून. माझा राहण्याचा व्हिसा करायचा होता म्हणून सुजीत माझी फाइल घेऊन बसला होता. गादीवर मांडी घालून, ऑफिसची टाय तशीच. एकेक कागद बघायचा आणि ठेवायचा. त्याची इंजिनिअरिंगची डिग्री, माझी बी.कॉम., लग्नाचा दाखला, हे एका बाजूला. फुटबॉलची तीन, हे दुसऱ्या बाजूला. मी चहा घेऊन आले तर म्हणाला, "ही केवढी चुरगळलीत गं. लाज वाटली पाहिजे, सर्वोत्तम खेळाडू." मला त्याचं ते बोलणं इतकं आवडलं होतं, की मी दिवसभर मनात घोळवलं. दोन दिवसांनी वाढदिवसाला त्यानं खाकी पाकिटातून ती काढली, चकचकीत, गरम गरम वाटावीत अशी, आणि माझ्या हातात दिली. "जपून राहतील," म्हणाला. मी रडले होते. सासरी माझ्या खेळण्याचा उल्लेख "ती पळायची" एवढाच व्हायचा, आणि हा माणूस परदेशात पहिल्या पगारवाढीआधी माझ्या फुटबॉलवर खर्च करत होता. मी माझ्या बाबांना फोन करून सांगितलं होतं. बाबा म्हणाले होते, नशीब काढलंस पोरी. ही आठवण मी अठरा वर्षं वापरत आले. सुजीतशी भांडण झालं, की मी ती बाहेर काढायचे आणि स्वतःला गप्प करायचे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, शारजात सुट्टी, रोल्लातली दुकानं नमाजाआधी घाईत उघडी. मी उरलेली दोन घेऊन त्याच टायपिंग सेंटरमध्ये गेले, सुजीतनं लॅमिनेशन जिथे केलं होतं तिथेच. पाकिटावर नाव छापलेलं होतं, पाकीट मी अजून ठेवलं होतं. मला वाटलं, ज्यानं घातलं त्याला कदाचित काढता येईल. दुकान तेच होतं, व्हिसाचे फॉर्म टाइप करणारे दोघे, झेरॉक्स, आणि कोपऱ्यात ते लॅमिनेशनचं मशिन, अर्थात नवं. मालक खैरुद्दीन म्हणून, श्रीवर्धनकडचे, सत्तरीचे असतील. मी मराठी बोलल्यावर खुर्ची दिली. सर्टिफिकीट दिव्यासमोर धरून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला. "नाय निघणार ताई. तेव्हाचं जाड आहे हे, गरम करून बसवलेलं. कागद येणार त्याच्याबरोबर." मी म्हटलं, आला एकाचा. ते हळहळले. मग म्हणाले, "पण हे इथे कसं केलं मी? मी करत नाय." आणि मानेनं मशिनच्या वरच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेलं होतं, हिंदीत, उर्दूत आणि मल्याळममध्ये, की अटेस्टेशनचे, म्हणजे शिक्के लागणारे, कागद लॅमिनेट होणार नाहीत. पुठ्ठा पिवळा पडून कडा फुगलेल्या होत्या. मी विचारलं, हा कधीपासून आहे. "दुकान घातलं तेव्हापासून. पहिल्याच महिन्यात एकाची डिग्री घातली मी, तो इथं बसून रडला माझ्यासमोर. तेव्हापासून प्रत्येकाला तोंडानं पण विचारतो. याला पुढे शिक्का लागणार काय? लागणार म्हटला तर परत देतो, गिऱ्हाईक गेलं तर गेलं. नाय लागणार म्हटला, तरच घालतो." मी म्हटलं, दोन हजार सातलाही विचारत होतात? त्यांना प्रश्नाचा जरा रागच आला. "ताई, विचारल्याशिवाय आजपावेतो एक कागद घातला नाय."

खुर्चीत बसल्या बसल्या मला तो गादीवरचा सुजीत दिसत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन ढीग. मी इतकी वर्षं ते चित्र पाहिलं होतं, पण फक्त त्याचा चेहरा पाहिला होता, हात पाहिलेच नव्हते. लागणारे कागद इकडे. न लागणारे तिकडे. लागणाऱ्यांना त्यानं प्लास्टिकचा वाराही लागू दिला नाही, ते त्याच आठवड्यात एजंटकडे गेले आणि पाठीवर शिक्के घेऊन आले. न लागणारे त्यानं माझ्यासाठी चकचकीत करून आणले. मधे या दुकानात, या मशिनसमोर, या माणसानं त्याला विचारलं होतं, याला पुढे शिक्का लागणार काय, आणि माझ्या नवऱ्यानं माझ्या वतीनं उत्तर दिलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन मी अजून रोज दोरीउड्या मारत होते, त्याला ते माहीत होतं. मला विचारायला त्याला खोलीपर्यंत चालत यावं लागलं असतं, सात मिनिटं.  खैरुद्दीन चाचांनी पाणी मागवलं. मी प्यायले, थँक्यू म्हटलं आणि निघाले. रस्त्यात मला एवढंच वाटत होतं, की ती आठवणसुद्धा त्यानं घेतली, आता भांडण झालं की मी स्वतःला गप्प कशानं करणार.

सुजीत दीडला घरी आला, शुक्रवारचा अर्धा दिवस करून. शुभ्रा मैत्रिणीकडे होती. मी त्याला जेवायला वाढलं, कारण उपाशी माणसाशी भांडायचं नाही हे माझ्या आईनं मला शिकवलंय, आणि त्याचं जेवण होईपर्यंत थांबले. मग विचारलं, की दोन हजार सातला लॅमिनेशनवाल्यानं तुला काही विचारलं होतं का. त्याला आठवेना. मी पुठ्ठ्याचं सांगितलं. तो खरंच आठवायला लागला, खोटं बोलण्याचा त्याचा स्वभाव नाही, ते तर आणखी अवघड. "विचारलं असेल. मी नाही म्हटलं असेन."

"का?"

"अगं, का म्हणजे? तेव्हा मला नाही वाटलं लागतील."

त्यानं हे इतक्या साधेपणानं म्हटलं, की क्षणभर मलाही वाटलं यात काय चुकलं. मग तो पुढे म्हणाला, "आणि मी प्रेमानंच केलं ना? फेकून तर नाही दिली." मी म्हटलं, "फेकली असतीस तर मी उचलली असती." तो म्हणाला, मी विनाकारण मोठं करतेय, शाळा काय एकच आहे, आणि हे वय आहे का उन्हात पळायचं, हबीबी, तुझ्या गुडघ्यांचा विचार करूनच म्हणतोय. माझ्या गुडघ्यांचा. मी त्याला विचारलं, "सुजीत, तुला माहितेय मी कुठे खेळायचे? कुठल्या जागी?" तो हसला, मग हसायचं थांबला. "फॉरवर्ड," म्हणाला, जरा अंदाजानं. अठरा वर्षं मंडळात ओळख करून देणारा माणूस. मी ताटं उचलली.

पंधरा तारीख गेली. मरियमबींनी प्राचार्यांपर्यंत जाऊन पाहिलं, त्यांनी माझ्यासाठी आवाज चढवला असणार, त्यांच्या बसलेल्या घशावरून कळत होतं. शेवटी त्यांनी मला गेटपाशी बोलावून सांगितलं, की स्टाफ म्हणून घेता येत नाही, पण व्हॉलंटियर मदर म्हणून या, पाण्याच्या बाटल्या, फर्स्ट एड, मुलींबरोबर बसमध्ये. "मेरे को शर्म आ रही बोलने में," त्या म्हणाल्या. मला त्यांची कीव आली नाही आणि माझीही आली नाही, मला फक्त संताप आला, स्वच्छ, आणि मी त्यांना नको म्हणाले. बाटल्या नेणारी आई म्हणून मी त्या रेषेच्या बाहेर उभी राहणार नव्हते. आतमध्ये कोच म्हणून एक तरुण घेतला होता. त्यानं कॉलेजात क्रिकेट खेळलेलं होतं, त्याचा कागद साधा होता.

शनिवारी सकाळी मी शुभ्राला घेऊन आमच्या बिल्डिंगमागच्या रिकाम्या वाळूच्या प्लॉटवर गेले. ती "इट्स सो हॉट, मॉम" करत आली. मी तिला कडेनं पळायला लावलं आणि मध्यावरून चेंडू मारला. ती बघायची, पाय थांबायचा, चेंडू पुढे जायचा. "मागे बघू नकोस," मी ओरडले, "येतोय म्हणजे येतोय." नवव्या की दहाव्या वेळेला ती नुसती पळाली, आणि चेंडू तिच्या खांद्यावरून उतरून पायापाशी आला, आणि ती इतकी दचकली की त्याच्यावरूनच पडली. वाळूत बसून हसत होती. "हाउ डिड आय डू दॅट?" मी दुसरा चेंडू मारला.

परत येताना मी तिला कडक चहाच्या दुकानापाशी बसवलं आणि एकटी खैरुद्दीन चाचांकडे गेले. माझ्या पर्समध्ये त्या दिवसापासून लग्नाचा दाखला तसाच होता, मी अमुक मुलगी होते हे सिद्ध करायला नेलेला. तो मी काउंटरवर ठेवला. त्यांनी उलटून पाहिला, मागचे शिक्के पाहिले, चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघत बसले. मग विचारायचं म्हणून विचारलं, "ताई, याला पुढे शिक्का लागणार काय?" मी त्यांना सांगितलं, की नाही लागणार, घाला. त्यांनी पुन्हा विचारलं, यावेळी हळू आवाजात. मी तेच उत्तर दिलं. मशिननं कागद एका बाजूनं आत घेतला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढला. मी त्यांच्याकडून एक खाकी पाकीटही मागून घेतलं.

सुजीत सोफ्यावर पेपर वाचत होता. मी पाकीट त्याच्या हातात दिलं, प्रेझेंट आहे म्हटलं, आणि शुभ्राच्या बुटांतली वाळू झाडायला दारापाशी बसले. त्यानं ते बाहेर काढलं. चकचकीत कागदावर बोट फिरवलं, उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला. 

"अगं, हे काय केलंस?" तो म्हणाला. "हे पुढे कधी लागलं तर?"

मी दुसरा बूट उपडा केला. "मला नाही वाटत लागेल," मी म्हणाले.